आमची वाटचाल : खोक्यातल्या हवेचं भाडं

ऑनलाइन विक्रेत्यांचा जड, अवजड माल पोचवण्याचा धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक गाडी, दोन माणसं आणि एक पक्का गैरसमज होता. जड वस्तू पाठवणं महाग पडतं ते ती जड असते म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो गैरसमज एका खुर्चीने घालवला. आमच्या पहिल्या नेहमीच्या गिऱ्हाईक म्हणजे आरामखुर्च्या ऑनलाइन विकणाऱ्या एक ताई. एके दिवशी त्या कुरिअरचं बिल घेऊन आल्या. खुर्ची २८ किलोची आणि भाडं लावलेलं १५३ किलोचं. ‘यात चूक कुठे आहे तेवढं दाखवा, बाकी भांडण मी करते,’ म्हणाल्या. चूक नव्हतीच. खोका होता ९० × ८५ × १०० सेंटिमीटरचा. तिन्ही बाजूंचा गुणाकार करायचा, ५,०००ने भागायचं, येतील ते किलो. खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन, यांत जास्त असेल त्यावर भाडं. काही कंपन्या ६,०००ने भागतात, तेवढाच दिलासा. आज स्वतःच्या गाड्या भरताना मला हा हिशोब पटतो, कारण जागा अडली की अडली. त्या दिवशी मात्र ताईंबरोबर मीही चिडलो होतो.

मग आम्ही काही महिने फक्त घासाघीस केली. आज या ट्रान्सपोर्टवाल्याकडे, उद्या त्या. भाव थोडा उतरायचा, डिझेल वाढलं की पुन्हा चढायचा. शेवटी माझ्या भागीदाराने एका संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खुर्चीचे पाय आणि पाठ सुटी केली. खोक्याची उंची १०० वरून ५५ वर आली, भाड्याचं वजन ८४ किलोवर. कुणाशी एक शब्द न बोलता! गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढण्याची युक्ती फर्निचर कंपनी आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांनी १९५६ साली केली होती. आम्हाला जरा उशीरच झाला म्हणायचा.

तेव्हापासून नवा विक्रेता आला की भावाआधी आम्ही मोजायची टेप काढतो. हे अनेकांना आवडत नाही. ‘तुम्ही रेट सांगा’, एवढंच ऐकायचं असतं. पण सहा सेंटिमीटरनेही फरक पडतो. १२० × ८०च्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळीवर, १२६ लांबीचा खोका ठेवला, की तो बाहेर डोकावतो, शेजारचं पॅलेट चिकटून बसत नाही आणि अख्ख्या रांगेची जागा वाया जाते. ते सहा सेंटिमीटर बहुतेक वेळा नुसता फोम असतो.

खरा जम बसला तो पार्ट लोडमध्ये, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचा माल एकत्र नेण्यात. आमच्याकडे व्यायामाचं सामान विकणारा एक तरुण होता. त्याचा डंबेलचा खोका हातभर लांब, पण ४० किलोचा. त्याच्या मालाने गाडी भरायला घेतली तर वजनाची मर्यादा आधी संपते आणि वर निम्मी गाडी रिकामी राहते. ताईंच्या खुर्च्यांचं नेमकं उलटं. गाडी छतापर्यंत भरते, वजन मात्र नावाला. दोघे वेगवेगळे गेले तर दोघेही रिकाम्या गाडीचे पैसे भरणार. आम्ही लोखंड खाली, खुर्च्या वर असं लावून एकाच दिशेला एकच गाडी सोडली. दोघांचंही भाडं कमी झालं आणि आमच्या हातातही काही उरलं. फक्त ताईंना दोन दिवस थांबावं लागलं, कारण जोडीचा माल जमेपर्यंत गाडी हलत नाही. ‘उद्याच पोचलं पाहिजे’ म्हणणाऱ्याला आम्ही सरळ सांगतो, हा स्वस्तातला मार्ग तुमच्यासाठी नाही.

नुकसानही सोसलं. काचेच्या टेबलटॉपची पहिली खेप आम्ही आडवी रचली. आडवं म्हणजे सुरक्षित, असं वाटलं होतं. खड्ड्यांतून जाताना खालच्या काचा गेल्या, भरपाई आमच्या खिशातून. काच उभी, धारेवर ठेवायची, कडांना जाड आधार द्यायचा आणि हलणार नाही अशी बांधायची. काचकामवाला कुठलाही कारागीर हे सांगू शकला असता. विचारलं नाही, ही आमची घमेंड.

बाकी डोकेदुखी शेवटच्या वीस पावलांची. शेकडो किलोमीटर बिनबोभाट आलेलं कपाट जिन्याच्या वळणावर अडतं. लिफ्टच्या दारातून जात नाही, हमाल जादा पैसे मागतात, गिऱ्हाईक वैतागून परत पाठवतं. जड मालाचं परतणं म्हणजे दुहेरी भाडं, वर मालाला ओरखडे. आमच्या एका हमालाने सुचवलं, ‘दादा, पत्ता विचारता तेव्हा पायऱ्या पण विचारा की.’ आता विक्रेत्यांच्या ऑर्डर फॉर्ममध्ये तीन प्रश्न असतात : मजला कितवा, दाराची रुंदी किती, जिन्याला वळण आहे का. वस्तूची बांधलेली मापंही तिथेच दिसतात. काही लोक ती वाचून खरेदीच रद्द करतात. विक्रेते सुरुवातीला कुरकुरले, पण न गेलेला माल परत येत नाही, हे त्यांना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळलं.

पियानो आम्ही अजूनही घेत नाही. दर महिन्याला कुणीतरी विचारतं, भागीदाराचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो आणि मी त्याला हाताला धरून बाजूला नेतो.