कोणती फाइल, हे एररनेच सांगायला हवे

काही वर्षांपूर्वी एका रात्री पावणेतीनच्या सुमारास ऑन-कॉलचा (बिघाड झाला की कधीही उठायच्या ड्यूटीचा) फोन वाजला. लॅपटॉप उघडून पाहिले, तर रात्रीच्या जॉबच्या लॉगमध्ये शेवटची ओळ होती ‘जॉब फेल्ड: अनएक्स्पेक्टेड ईओएफ’, आणि त्यापुढे काहीही नव्हते. हा जॉब आम्ही गो भाषेत लिहिला होता. एका ग्राहक संस्थेच्या 36 शाखांकडून येणाऱ्या जीझिप (आकाराने लहान केलेल्या) फाइली उघडायच्या, त्यांतील व्यवहार तपासायचे आणि डेटाबेसमध्ये भरायचे, एवढेच त्याचे काम होते.

‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’ म्हणजे वाचत असलेला डेटा अपेक्षेआधी संपला. अडचण अशी की गोमध्ये हीच एरर अर्धवट जीझिप फाइल देते, मध्येच तुटलेला एचटीटीपी प्रतिसाद देतो आणि जेसन स्वरूपातला डेटा वाचणारा डिकोडरही देतो. त्याच आठवड्यात डेटाबेसची जोडणी दोनदा तुटली होती, त्यामुळे संशय साहजिकच तिकडे गेला आणि दोन तास मी डेटाबेसचे लॉग चाळत बसलो. अखेर सहज म्हणून सगळ्या फाइलींवर ‘जीझिप -टी’ ही फाइल शाबूत आहे का हे तपासणारी आज्ञा चालवली, तेव्हा एका शाखेची फाइल अर्धीच आलेली आहे हे अर्ध्या मिनिटात कळले. जी गोष्ट प्रोग्रॅमला त्या क्षणी ठाऊक होती, ती शोधण्यात माझे दोन तास गेले, याचा राग मला फाइलीपेक्षा माझ्याच कोडवर अधिक आला.

जावामध्ये एक्सेप्शनचा (तिथल्या एररचा) ऑब्जेक्ट तयार होतानाच त्यात स्टॅक ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, भरला जातो, आणि पायथॉनमध्ये एक्सेप्शन एकेक फंक्शन ओलांडत वर येते तसतसा ट्रेसबॅक, म्हणजे तशीच यादी, वाढत जातो. गोमध्ये एरर हे इतर व्हॅल्यूंसारखेच एक व्हॅल्यू असते. ‘आयओ’ पॅकेजमधील ही ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’ तर प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बनते आणि ज्याला गरज पडेल तो तीच परत करतो, त्यामुळे आपला जन्म कुठे झाला हे तिने सांगावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. ती माहिती वाटेतल्या फंक्शननी जोडायची असते, आणि आमच्या कोडमध्ये जिकडेतिकडे ‘एरर निल (म्हणजे रिकामी) नसेल तर एरर परत कर’ एवढेच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला गेलो. त्या काळी बहुतेक जण वापरत असलेले ‘पीकेजी/एरर्स’ हे पॅकेज घेतले आणि प्रत्येक पातळीवर त्याचे ‘रॅप’ हे एररभोवती संदेश गुंडाळणारे फंक्शन लावले. हे फंक्शन प्रत्येक वेळी नव्याने स्टॅक टिपते, त्यामुळे चार पातळ्या ओलांडून आलेल्या एका एररसोबत चार ट्रेस छापले जाऊ लागले. शिवाय प्रत्येक पातळी एरर वर पाठवण्याआधी स्वतःही लॉग करत होती. एका बिघाडाच्या दीडशे ओळी, आणि तरीही फाइलचे नाव कुठेच नाही!

याचे कारण समजायला मला थोडा वेळ लागला. आमच्या फाइली आठ वर्कर समांतर वाचत होते आणि प्रत्येक वर्कर स्वतंत्र गोरुटीनमध्ये, म्हणजे गोमधल्या समांतर चालणाऱ्या धाग्यात, चालत होता. एररसोबत टिपलेला स्टॅक त्या गोरुटीनच्या पहिल्या फंक्शनपाशीच संपतो. वर्करला हे काम कोणी आणि कशासाठी दिले, हे त्यात येत नाही. त्यामुळे 36 पैकी कोणतीही फाइल बिघडली तरी ट्रेस अक्षरशः तोच, ओळ क्रमांकांसह तोच. कोड कुठे होता हे ट्रेस सांगतो, पण कोणासाठी आणि कशावर काम करत होता हे तो सांगू शकत नाही. फाइलचे नाव, शाखेचा कोड, कितवी नोंद, कितवा प्रयत्न, हे सारे फंक्शनच्या व्हेरिएबलमध्ये असते आणि फंक्शन परतले की नाहीसे होते. ते वाचवायचे असेल तर परत येण्याआधी एररला बांधून द्यावे लागते.

गो 1.13 मध्ये, म्हणजे 2019 साली, मूळ एरर आत ठेवून तिच्याभोवती संदेश गुंडाळण्याची सोय ‘एररएफ’ फंक्शनच्या ‘टक्का-डब्ल्यू’ या चिन्हाने भाषेतच आली. आता आम्ही तीच वापरतो. काय जोडावे याविषयी माझे मत असे बनले आहे की खालच्या फंक्शनने जे आधीच सांगितले आहे ते पुन्हा सांगू नये. फाइल उघडता आली नाही तर ‘ओएस’ पॅकेज स्वतःच क्रिया आणि आपण दिलेला पाथ (फाइलचा पत्ता) संदेशात घालते, तिथे आपण पुन्हा पाथ चिकटवणे व्यर्थ आहे. जीझिपच्या रीडरला मात्र फाइलचे नाव माहीतच नसते, म्हणून तिथे ते आपणच द्यायचे. ‘फेल्ड टू’ हे शब्द तर आम्ही संदेशांतून पार हद्दपार केले, कारण चार पातळ्यांवर चारदा तेच वाचून कोणाचेही भले होत नाही. स्टॅक ट्रेस आम्ही सोडलेला नाही, पण बाहेरच्या लायब्ररीतून एरर आमच्या कोडमध्ये शिरते तिथे तो एकदाच टिपतो, आणि लॉगही सर्वांत वरच्या पातळीवर एकदाच करतो.

गुंडाळण्याच्या उत्साहात एक चूक मात्र मी केली. फाइल वाचणारे एक छोटे रीडर आम्ही लिहिले होते, त्याच्या ‘रीड’मधून येणारी प्रत्येक एरर मी संदेशात गुंडाळली, आणि त्या रात्री सगळ्याच्या सगळ्या 36 फाइली अयशस्वी झाल्या. फाइल नीट संपल्याची खूण म्हणून येणारी ‘ईओएफ’सुद्धा मी गुंडाळली होती, आणि वाचणारा लूप तिची थेट ‘==’ने तुलना करत होता. आपल्या कोडमध्ये अशा तुलनेऐवजी ‘एरर्स.इज’ वापरता येते, कारण ते गुंडाळलेल्या थरांच्या आत जाऊन पाहते. पण ‘रीड’ने ‘ईओएफ’ जशीच्या तशीच परत करावी, गुंडाळू नये, असे गोच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी नंतर वाचले.

जावावाल्यांचे सगळे आलबेल असते असेही नाही. शेजारच्या टीममधील एक मित्र एकदा हैराण होऊन आला, कारण त्याच्या लॉगमध्ये ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ हजारो वेळा होते आणि एकाखालीही ट्रेस नव्हता. एकाच जागी तेच एक्सेप्शन वारंवार येऊ लागले की हॉटस्पॉट, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणारे इंजिन, आधीच बनवून ठेवलेले, ट्रेस नसलेले एक्सेप्शन फेकू लागते. अशा वेळी लॉगमध्ये मागे मागे जात पहिल्या काही नोंदी शोधायच्या; तिथे ट्रेस असतो. त्यालाही तो तिथेच सापडला.

त्या मूळ बिघाडाचे कारण तसे साधे होते. शाखेचे अपलोड चालू असतानाच आमचा जॉब फाइल उचलत होता. पुढे शाखा तात्पुरत्या नावाने फाइल चढवू लागल्या आणि पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलू लागल्या. तरी वर्षभराने एकदा फोन वाजलाच, पण या वेळी ओळ अशी होती: ‘शाखा 17, फाइल व्यवहार-17.जीझेड, नोंद 4,212 नंतर: अनएक्स्पेक्टेड ईओएफ’. ऑन-कॉलवर असलेल्या सहकाऱ्याने ती फाइल बाजूला काढली, उरलेल्या 35 फाइलींवर जॉब पुन्हा चालवला आणि शाखेला सकाळी ईमेल पाठवली. मला हे कळले ते दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी.