आमची वाटचाल: जावळी खोऱ्यातल्या सातेरीच्या पेट्या

मेढ्यापासून पाटणपर्यंत आज आमच्या सातेरीच्या, म्हणजे इथल्या देशी मधमाश्यांच्या, पेट्या जातात. पण मधे एक हंगाम असा आला, की सुतारानंही उधारी बंद केली. आमच्या मालात खोट नव्हती. एका व्यापाऱ्यानं जंगलातल्या ढोलीतली पोळी कापून, चौकटीला बांधून, निम्म्या दरात वसाहती विकल्या. राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, लागलीत का, हे बघायची तसदीही घेतली नाही. जांभूळ फुलायच्या आत त्या फुटल्या. जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन उडाली आणि गावोगाव बोभाटा झाला, 'सातेरी टिकत नाही.' मागण्या आमच्या रद्द झाल्या, त्या व्यापाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो राग अजून आहे.

तेव्हा पाठीशी राहिले पाटणचे एक निवृत्त गुरुजी. "पेटी तुमचीच घेणार, पण शिकवायला यायचं," म्हणाले. गेलो. दिसलेली राणीघरं त्यांनी खुडून टाकली होती. मी मऊ ब्रशनं चौकटीवरच्या माश्या सारल्या, तर खालच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, भुईमुगाच्या शेंगेसारखं एक लोंबत होतं, तोंड बंद झालेलं. एवढं एक राहिलं तरी वसाहत फुटते. गुरुजी गप्पच झाले.

नुसतं खुडून भागत नाही. आम्ही जुनी राणी, पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या, दोन चौकटी, मधाची एक आणि भरपूर माश्या नव्या पेटीत घेतल्या, पेटी लांब नेऊन ठेवली. जुन्या पेटीत एकच चांगलं राणीघर राखलं. राखायचं राणीघर असलेली चौकट झटकू नका, आडवीही करू नका. आतली राणी बिघडते.

नव्यानं माश्या पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: अंडं घातल्यापासून राणीघर आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, सोळाव्याच्या आसपास राणी बाहेर येते. म्हणून हंगामात दर आठवड्याला पेटी उघडा. मधोमध भोक असलेल्या उंच टोप्या, म्हणजे नरांची घरं, वाढली की सावध व्हा. चौकटी सोडवायची पटाशी विकत घेण्यापेक्षा लोहाराकडून पातळ धारेची करून घ्या. आमची तशीच आहे, चौकट हिसका न देता सुटते.

पुढची वर्षं बरी गेली. नवी राणी अंडी घालताना दिसल्याशिवाय आमच्या अंगणातून पेटी हलत नाही. त्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक आता आमच्याकडे येतात, दर कमी करा म्हणतात. करत नाही.