पट्टी कापायची पद्धत

गोळ्यांची पट्टी कापायची एक पद्धत असते. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते, ते टोक दुकानदार शेवटपर्यंत हातचं सोडत नाही. गिऱ्हाईकाला दोन हव्यात, चार हव्यात, दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं. नाहीतर उरलेल्या तुकड्याची तारीख कळत नाही आणि तपासणीला इन्स्पेक्टर आला की तोंड लपवायची वेळ येते. लालबागच्या काउंटरवर मला २२ वर्षं झाली. न बघता कात्री चालते, फॉइल फाटत नाही, शेजारच्या गोळीचा फुगा दबत नाही. कामाला ठेवलेली पोरं अजून उंदराने कुरतडल्यासारखी कापतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मासे विकणाऱ्या मावशी दुपारी आल्या. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा, डोक्यावर पाटी, मग बाजारात दुपारपर्यंत पाटावर बसायचं, असं तीसेक वर्षं चाललेलं. गुडघ्यांचं जे व्हायचं तेच झालं होतं. माझ्याकडे त्या चार वर्षांपासून गोळ्या न्यायच्या: डायक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामोल ३२५ एकत्र असलेली, सोबत गॅसची. दिवसाला दोन. पूर्ण पट्टी कधीच नाही. रोजचा गल्ला तशा रोजच्या गोळ्या, फार तर दोन दिवसांच्या.

चिठ्ठी होती का? होती. मावशींनी ती चक्क लॅमिनेट करून घेतली होती. त्यावर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात ‘५ दिवस’ लिहिलं होतं. पहिल्या वर्षी त्या ती दाखवायच्या, नंतर मीच म्हटलं, राहू दे मावशी. हे शेड्युल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे मला शिकवायची गरज नाही. मी नाही दिलं तर पलीकडचा देतो, हे वाक्य आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो.

त्या दिवशी म्हणाल्या, “पाय सुजलेत रे भाऊ. ती पानी उतरवायची गोली दे एक. नि उलटीची पन दे. तीन दिवस जेवान नको वाटतंय.”

फ्युरोसेमाइडचा, म्हणजे त्याच पाणी उतरवायच्या गोळीचा, खण मी उघडलेला होता. सूज आहे, मे महिना आहे, बाई दिवसभर पाय लटकवून बसते, असा हिशोब हाताने आपोआप केला होता. थांबलो ते उलटीवरून. काउंटरच्या बाहेर आलो, नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. लघवीचं विचारलं तर म्हणाल्या, घामात जाते सगळी. मुलाला फोन लावला आणि आजच्या आज हॉस्पिटलात ने म्हणून सांगितलं.

रात्री साडेनऊला त्याचा फोन. “काका, डॉक्टर विचारतायत आई कुठली गोळी घेते. तिच्या बटव्यात हे आहे, फोटो पाठवतो.” फोटोत चंदेरी तुकडे, आठ-दहा. एकावरही पूर्ण नाव नाही. कुठे दोन अक्षरं, कुठे नुसती लाल रेघ. तारीख तर नाहीच. पण कडा सरळ कापलेल्या. गोळी ओळखायच्या आधी मी माझी कात्री ओळखली.

नाव सांगितलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते, ४.८ आलं होतं. जास्तीत जास्त सव्वाच्या आत असायला हवं.

शटर ओढून कॉम्प्युटर उघडला. मी त्यांना १० टक्के सूट देतो, म्हणून ‘मावशी बोंबील’ नावाचं खातं होतं. चार वर्षांत दोन हजारांवर गोळ्या. दर साल जून-जुलैत आकडा खाली. मासेमारी बंद, पाटी बंद, म्हणून गोळ्याही कमी. ऑगस्ट लागला की परत वर. एवढा सरळ आलेख माझ्या डोळ्यांसमोर होता. हेच सॉफ्टवेअर मला कुठल्या खोक्याची तारीख तीन महिन्यांत जातेय ते लाल अक्षरांत दाखवतं, माल संपत आला की ओरडतं. माणसाबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणि खात्यात जे नव्हतं ते मुलाकडून कळलं. आईला बीपी आहे. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी तो ॲपवरून मागवायचा, स्वस्त पडते म्हणून. दुखण्याच्या या गोळ्यांनी मुळात बीपी वर जातं. ते वर गेलं म्हणून डॉक्टरांनी बीपीचा डोस वाढवला होता. त्यांना माझ्या गोळ्या माहीत नव्हत्या, मला त्यांच्या.

चाळीतलं पाणी आठवा. किडनी ही गाळणी, आणि गाळायला प्रेशर लागतं. डायक्लोफेनॅक आत येणाऱ्या नळाची चावी आवळतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारा पाइप मोकळा करतं. तिसरं, त्याच बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवून टाकीतलंच पाणी कमी करतं. तरण्या माणसाने पहिली तीन दिवस घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. साठीच्या बाईने तिन्ही औषधं मिळून, मेच्या उन्हात, धक्क्यावर पाणी न पिता घेतली तर गाळणीला प्रेशरच उरत नाही. त्यावर मी फ्युरोसेमाइड देणार होतो. गॅसची गोळी सोबत आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, मीही होतो. ती पोट सांभाळते. किडनीला ती वाचवत नाही.

याच डायक्लोफेनॅकने गिधाडं गेली. औषध टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. डुंगरवाडीवर, पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचे तिथे, गिधाडं उरली नाहीत, ही गोष्ट मी काउंटरवर गप्पांत कितीदा सांगितली असेल. मावशी समोर उभ्या असतानाही एकदा.

ॲपवाल्यांना शिव्या घालायला मला एरवी निमित्त लागत नाही. पण ‘मावशी, अजून कुठली गोळी चालू आहे का’ एवढं विचारायला चार वर्षांत मलाही फुरसत झाली नव्हती.

डायलिसिस लागलं नाही. ऑगस्टमध्ये मावशी आल्या, पाटी घेऊनच. क्रिएटिनिन १.९ वर येऊन थांबलंय, त्याच्या खाली उतरत नाही. माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “मग आता गुडघ्याला काय देतोस?”

पॅरासिटामोल म्हटलं, वरून लावायला मलम, ओझं कमी करा.

“त्यानं काय व्हनार? पाटी तू उचलनार हायस का?”

मी चार पॅरासिटामोल कापल्या. नाव आणि तारीख होती त्या टोकाकडून, आणि तो तुकडा त्यांना दिला. पाकिटावर मोठ्या अक्षरात परत नाव लिहिलं, दिवसाला किती तेही. उरलेल्या सहांवर मार्करने एक्सपायरी टाकली.

संध्याकाळी खण आवरताना पोराने तो उरलेला तुकडा वर धरून विचारलं, “शेठ, ही उलटी कोणी कापली?”