पुरात होतं का?

सांगलीत जुनी वस्तू घेताना भाव नंतर करावा, आधी एवढंच विचारावं: ‘पुरात होतं का?’ समोरचा हमखास सांगतो, ‘छे छे, माडीवरचं आहे.’ असेलही. तरी वस्तू उलटी करून बघावी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गेलं ५७ फुटांवर. त्याआधी २००५ होतं, नंतर २०२१ आलं. भिंतीवरची खूण रंगाखाली झाकली जाते. प्लायवूडला ती सोय नाही.

नाताळच्या भेटी जुन्यातून काढायच्या, तर सुरुवात डिसेंबरात करून भागत नाही. खरी वेळ दिवाळीच्या आधीची. माळे रिकामे होतात, रद्दीच्या दुकानांत कॅरम, गोष्टीची पुस्तकं, मुलांच्या सायकली येऊन पडतात आणि लक्ष्मीपूजनाच्या आत घराबाहेर जावं म्हणून कमी पैशांत सुटतात. मधे मिळणारे दीडदोन महिने दुरुस्तीचे. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. हजार रुपये बाजूला काढले की हजाराच्याच वस्तू आणतात, मग नव्या ट्यूबला आणि ग्रीसला पैसे उरत नाहीत. निम्मे खरेदीला, निम्मे दुरुस्तीला ठेवावेत. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर ती वस्तू दुकानातच बरी.

कॅरमइतकी घरभर वापरली जाणारी भेट दुसरी नाही, आणि इतकी फसवी वस्तूही नाही. मोठ्या बोर्डाची खेळायची जागा आतून ७४ सेंटीमीटर, म्हणजे साधारण २९ इंच. कोपऱ्यातून कोपऱ्यात एक सरळ पट्टी उभी धरायची आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा. पट्टीखालून उजेड झिरपला, तर तिथे प्लाय बसलाय किंवा फुगलाय. याला इलाज नाही. उन्हात ठेवून, वर पाटा ठेवून सरळ करण्याचे उद्योग पुष्कळ जण करतात. दोन आठवड्यांत बोर्ड पुन्हा मूळपदावर येतो, कारण आतल्या थरांचा डिंकच सुटलेला असतो. मागच्या बाजूला कडेला तपकिरी रेघ दिसली, तर माडीची गोष्ट तिथेच संपली.

बोर्ड सपाट निघाला तर बाकीचं हातचं काम. कोपऱ्यांत घट्ट बसलेली जुनी बोरिक पावडर कोरड्या टूथब्रशने काढायची, मग मऊ सुती कपडा फिरवायचा. ओला कपडा नाही. पॉलिश पेपर तर नाहीच. लॅकर निघून जातं आणि मग पावडरचा अख्खा डबा ओतला तरी सोंगटी मधेच अडते. चौकट कोपऱ्यात हलत असेल, तर फटीत फेविकॉल सोडून भोवती सुतळी बांधावी, सुतळीत पेन्सिल घालून पिळावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. जाळ्या नव्या लावाव्यात, फाटक्या जाळीतून पडलेली सोंगटी कपाटाखाली जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वर येत नाही.

सोंगट्या दुकानातच मोजाव्यात: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. नुसत्या मोजू नयेत, सपाट जागी शेजारी शेजारी मांडून नजर त्यांच्या उंचीला न्यावी. दोन संचांची भेसळ असली की जाड-पातळ कळतं. पातळ सोंगटी हलकी असते. मारली की उडते आणि मग भांडण लागतं ते नेम कुणाचा चुकला यावरून. भेसळ निघाली तर संच नवाच घ्यावा, तेवढी चैन परवडते.

सायकलीचं गणित वयापेक्षा उंचीवर. १६ इंची चाक साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला, २० इंची सात ते नऊला, पण सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागलेच पाहिजेत. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठी घेतलेली सायकल वर्षभर जिन्याखालीच राहते. सायकल उलटी करून चाक फिरवावं. करकर आवाज आला, तर आत ग्रीस उरलेलं नाही, कृष्णेचा गाळ आहे. चाक खोलून छर्रे रॉकेलात धुवायचे. एकावरही खड्डा दिसला तर सगळेच बदलायचे, ते स्वस्त असतात. आरे एकेक दाबून ढिले शोधावेत. टायर वापरलेला नसला तरी रबर कडक होतं. बाजूला बारीक भेगा असतील, तर ट्यूब कितीही नवी असो, चिखलाच्या पहिल्या वाटेवर टायर उलेल. आणि घरीच पेडल काढायला बसणाऱ्यांसाठी: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसल्यामुळे जोर लावून लावून क्रँकचेच आटे गेलेल्या सायकली रद्दीत ढिगाने मिळतात.

पुस्तकांना कुबट वास येतो. बंद डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून आठवडाभर पुस्तकं उभी ठेवली की बराच जातो. ऊन तास-दोन तासच, नाहीतर पानं पिवळी पडतात. कोडी आणि रंगवायची पुस्तकं आधी पूर्ण चाळावीत, कारण पहिली चार पानं कोरी ठेवून पाचव्यापासून उत्तरं भरणारी मुलं असतात.

काही जुनं देऊच नये: हेल्मेट, बाळाची दुधाची बाटली, रंग उडालेलं खेळणं (जुन्या रंगात शिसं असू शकतं), पिपाणी आणि माउथऑर्गन. कुकर द्यायचाच तर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा घालून.

आता सांगायचं की नाही? दादाचा शर्ट धाकट्याने घालायचा, आजीची नऊवारी गोधडीत जायची, यात आपल्याकडे कुणी कधी लाजलं नाही. लाज वाटते ती पैसे देऊन जुनं आणल्याची. मिरजेतल्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास काय किंवा साताऱ्यात काय, नाताळच्या सकाळी करंज्यांच्या ताटाशेजारी भेट उघडली जाते तेव्हा पाच वर्षांचं पोर घंटी वाजते का एवढंच बघतं. बारा वर्षांचं मात्र मडगार्डवरचा ओरखडा पाहून ओळखतं. त्यावर स्टिकर चिकटवू नये, पहिली नजर स्टिकरवरच जाते. त्यापेक्षा सायकलसोबत पाना द्यावा आणि तेलाची छोटी बाटली, नळीवाली. चेनला दोन थेंब, जास्तीचं तेल कपड्याने पुसून.