हजार फुटाच्या घराचं इस्टिमेट काढताना

चौरस फुटाचा दर गुणिले हजार फूट, की झालं इस्टिमेट. बहुतेक घरमालक इथूनच बोलायला लागतात. मी तो आकडा अगदी शेवटी, पडताळणीपुरता घेतो. कारण ठेकेदाराचा फूट स्लॅबचा असतो आणि मालकाच्या डोक्यातला फूट कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा. छज्जा पूर्ण धरायचा की निम्मा, जिना कशात मोजायचा, सेप्टिक टँक, जमिनीतली टाकी, कंपाउंड आत की बाहेर, हे कागदावर नसेल तर त्या दराला अर्थ नाही.

सुरुवात पायापासून, आणि पायाआधी चाचणी खड्डा. काळ्या मातीच्या प्लॉटवर हा खड्डा न घेता काढलेलं इस्टिमेट हमखास फसतं. समजा 12 कॉलम आहेत, दीड बाय दीड मीटरचे खड्डे, खोली दीड मीटर धरली आणि मुरूम लागला 2.1 मीटरवर. प्रत्येक खड्ड्यात 1.35 घनमीटर जादा खोदाई, म्हणजे एकूण 16 घनमीटर. जेसीबीचे तास वाढतात, ते त्यातल्या त्यात स्वस्त. 9 बाय 15 इंची कॉलमही 60 सेंटीमीटरने लांबतात, पण त्याचं काँक्रीट सगळं मिळून पाऊण घनमीटरसुद्धा होत नाही. महाग पडते ती भर. निघालेली काळी माती परत जोत्याखाली टाकता येत नाही, फुगते आणि आटते. मुरूमच हवा, आणि ठोकल्यावर तो बसतो. त्या 16 घनमीटरमधून कॉलम वजा जाता उरलेली साडेपाच ब्रासची (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) पोकळी भरायला साडेसहा-सात ब्रास सुटा मुरूम लागतो. इस्टिमेटात साडेपाचच लिहिला, की पहिली तूट तिथेच.

स्लॅबचा हिशेब सोपा. 1000 चौरस फूट, जाडी 5 इंच, म्हणजे 417 घनफूट किंवा 11.8 घनमीटर (बीम वेगळे). एम 20 प्रतीचं काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 या प्रमाणात, घनमीटरला सिमेंटच्या 8 गोण्या, म्हणून 95 गोण्या. वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. सुक्या मालासाठी काँक्रीटचं घनफळ मी 1.54 ने गुणतो. खडीच्या पोकळीत वाळू आणि वाळूच्या पोकळीत सिमेंट बसतं, म्हणून ओल्या काँक्रीटपेक्षा सुका माल जास्त लागतो.

हा वाळूचा आकडा सुक्या वाळूचा आहे, आणि साइटवर येते ती दमट. दमट वाळू फुगलेली असते. सरळ काचेच्या बरणीत 200 मिलीच्या खुणेपर्यंत वाळू सैल भरा, मग तिच्यावर येईल इतकं पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. पातळी 160 वर आली तर फुगवटा 25 टक्के. म्हणजे ट्रकच्या हौद्यात टेप लावून 2 ब्रास भरली, तरी हाती 1.6 ब्रास. पावणेदोनसाठी सव्वादोन मागवावी लागते. ट्रकवाल्याशी मापावरून भांडण्याआधी बरणी बघावी.

सळईचं वजन: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, उत्तर मीटरला किलोत. 12 मिमीची 12 मीटर सळई 10.67 किलो, 8 मिमीची 4.74. स्लॅबला घनमीटरमागे 80 किलो हा ढोबळ आकडा, म्हणजे 950 किलोच्या आसपास. बीम-कॉलमला त्याहून बराच जास्त. पण ऑर्डर ढोबळ आकड्यावर देऊ नये. बारबेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे प्रत्येक सळईच्या लांबीच्या आणि नगांच्या तक्त्यात, 50 व्यासाचे लॅप म्हणजे जोडाला एकमेकींवर येणारी लांबी (12 मिमीला 60 सेंटीमीटर), रिंगांचे हूक, वरची सळई उचलून धरणाऱ्या खुर्च्या हे सगळं धरून वर 3 टक्के वाया. काट्यावर मात्र जुळेलच असं नाही. सळईच्या आयएस 1786 या भारतीय मानकानुसार 10 मिमीपर्यंत वजनात 7 टक्के आणि त्यापुढे 16 मिमीपर्यंत 5 टक्के कमी-जास्त चालतं. जड सळई किलोने घेतली तर तेवढ्याच लांबीला पैसे जास्त जातात. हलकी सळई नगावर घेतली तर लोखंड कमी मिळतं. मी प्रत्येक व्यासाची एक सळई साइटवर तोलून बघतो.

वीटकाम आणि फरशीत विशेष काही नाही. विटांना 5 टक्के तूटफूट, फरशीला 5 टक्के, तिरकी बसवली तर 10.

प्लास्टरचं बिल मात्र नेहमी वादात सापडतं. मालक म्हणतो, दारं-खिडक्या वजा करा. बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक आयएस 1200, त्याचा नियम असा: 0.5 चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजाच होत नाही, 0.5 ते 3 पर्यंत एकाच बाजूची वजा होते आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. 3 च्या वर दोन्ही बाजू वजा, पण कडा मोजायच्या. साडेतीन बाय सातचं दार 2.28 चौरस मीटर, म्हणजे एकच बाजू. हे मी करारातच लिहून घेतो.

दराच्या रकान्याशेजारी तारीख घालतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्याआधीचं इस्टिमेट कोणी तसंच पुढे केलं, तर तारखेवरून लगेच कळतं. आणि पायाचे खड्डे बुजवायच्या आधी खोली मोजून, मोजणी वहीत दोघांच्या सह्या. मुरूम पडल्यावर तो आकडा परत मोजता येत नाही.