नावातले एक अक्षर बदलायला तीन दिवस का लागतात?

महाविद्यालयाच्या कार्यालयीन डेटाबेसची देखभाल हे माझे रोजचे काम आहे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि क्वचित प्राध्यापकसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात: नावातले एक अक्षर तेवढे चुकले आहे, संगणक तुमच्या समोरच आहे, मग दुरुस्तीला तीन दिवस कशाला हवेत? रांग लागलेली असताना देता येते ते उत्तर नेहमी अपुरे पडते, म्हणून येथे सविस्तर लिहिते आहे.

अक्षर बदलायला काही सेकंदच लागतात, हे आधीच मान्य करते. वेळ जातो तो ते अक्षर कुठे कुठे जाऊन बसले आहे हे शोधण्यात, आणि कुठे ते मुळीच बदलायचे नाही हे ठरवण्यात. आजचे बहुतेक कार्यालयीन डेटाबेस संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवर, उभे आहेत. त्या पद्धतीने नीट आखणी केली तर विद्यार्थ्याचे नाव एकाच टेबलात राहते आणि फी, हजेरी, गुण यांच्या नोंदी त्याला केवळ क्रमांकाने जोडलेल्या असतात. प्रत्यक्षात प्रवेश विभाग, लेखा विभाग, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या वर्षी आलेली असतात, प्रत्येकाकडे नावाची स्वतःची प्रत असते, आणि मुख्य टेबलात केलेली दुरुस्ती तिकडे पोहोचवणारे काम बहुधा रात्री चालते. शिवाय पूर्वी दिलेल्या गुणपत्रिकेवर जे नाव छापले गेले, ते त्या दिवशी तसेच छापले होते ही नोंद पुसता येत नाही. म्हणून आम्ही जुने नाव खोडत नाही. ते कोणत्या तारखेपर्यंत होते, नवे कधीपासून लागू झाले, कोणत्या कागदाच्या आधारे आणि कोणी बदलले, एवढे सगळे सोबत लिहून ठेवतो.

एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीने मधेच शिक्षण थांबवले होते आणि दोन वर्षांनी ती परत आली. प्रवेशाच्या वेळी तिचे नाव शोधले तेव्हा जुनी नोंद सापडली नाही, कारण त्या नोंदीत नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एकाऐवजी दोन स्पेस पडल्या होत्या. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा हा फरक संगणकाच्या दृष्टीने पूर्ण अक्षराइतका मोठा असतो. साहजिकच तिची नवी नोंद झाली, नवा क्रमांक पडला, आणि पदवीसाठी पात्र विद्यार्थ्यांची यादी काढली तेव्हा ती यादीत आलीच नाही. तिचे ११ विषय एका क्रमांकावर होते आणि ९ दुसऱ्या.

दोन नोंदी एक करायच्या म्हणजे गुण, फी, ग्रंथालयाची पुस्तके, हजेरी अशी प्रत्येक ओळ राहणाऱ्या क्रमांकावर न्यायची. हे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करतात, म्हणजे एकतर सगळे बदल होतात किंवा एकही होत नाही, आणि काम अर्धवट राहण्याची भीती नसते. मी ते चालवले आणि डेटाबेसने अडवले. एकाच विद्यार्थ्याचा, एकाच विषयाचा ‘पहिला प्रयत्न’ दोनदा नोंदवता येणार नाही, असा नियम टेबलावर होता, आणि एक विषय दोन्ही क्रमांकांवर पहिला प्रयत्न म्हणूनच नोंदलेला होता. सगळे बदल मागे घेतले गेले. मला तो नियम तात्पुरता काढून पुढे जाता आले असते, तेवढी परवानगी माझ्या लॉगिनला आहे. पण नेमक्या अशाच वेळी ती वापरू नये असे माझे ठाम मत आहे. दोन्हींपैकी नंतरचा प्रयत्न कोणता, आणि कोणते गुण धरायचे, हे परीक्षा विभागाने कागद पाहून सांगायचे असते. त्यांनी जुनी रजिस्टरे काढली, लेखी कळवले, आणि त्यात दीड दिवस गेला. माझे स्वतःचे काम नंतर दहा मिनिटांत झाले. पुन्हा यादी काढली तेव्हा तिचे नाव एकदाच आले, विषयांच्या २० नोंदींसह, आणि ते पाहून मला किती हायसे वाटले हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

चुका येतात कुठून, असेही त्याच ओघात विचारले जाते. माझ्या अनुभवात बहुतेक एक्सेलमधून येतात. विभाग यादी मागतात, तीत दुरुस्त्या करून परत पाठवतात, आणि मधल्या काळात क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळलेले असते. एक्सेल संख्येचे १५ च अंक अचूक ठेवते, त्यामुळे १६ अंकी ओळख क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. त्यासाठी तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा लागतो. बॅकअपबद्दल एवढेच की तो रोज घेतला जातो, आणि वेगळ्या यंत्रावर पुन्हा उभा करून पाहिल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

तेव्हा दुरुस्तीसाठी याल तेव्हा तीन गोष्टी सोबत आणा: तुमचा विद्यार्थी क्रमांक, योग्य नाव दाखवणारा मूळ कागद, आणि चुकीचे नाव ज्यावर दिसले ती पावती किंवा ओळखपत्र. तिसरी गोष्ट बहुतेक जण घरी ठेवून येतात. खरे तर चूक कोणत्या विभागाच्या प्रतीत आहे हे मला तीच सर्वांत आधी सांगते, आणि तीन दिवसांतला एक दिवस तिथेच वाचतो.