काठी कुठे थांबते

"वकीलबाई, रात्री घरात चोर शिरला आन् आपण त्याला मारला, तर आत कोण जाणार?"

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मला चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, माहेरी गेल्यावर ओट्यावर, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर आधीच तयार असतं. कुणी म्हणतं, चोराला नखही लावायची सोय नाही, आपणच जेलात जातो. कुणी म्हणतं, उंबरा ओलांडून आत आला म्हणजे त्याचा जीव आपल्या हातात. दोन्ही चूक आहे, आणि दोन्हीमुळे माणसं मरताना मी पाहिली आहेत. पहिलं खरं मानणारा ऐन वेळी हात आखडतो. दुसरं खरं मानणारा चोर पकडला गेल्यावरही काठी खाली ठेवत नाही.

मी वस्तीवर वाढले. गावठाणात राहणाऱ्याला वस्तीवरची रात्र नीट कळत नाही. शेजारचं घर दोन शेतं सोडून. मधे ऊस. पडवीत बाज टाकून आजी झोपायची आणि तिच्या उशाखाली विळा असायचा. कुत्रं एका विशिष्ट सुरात भुंकलं की घरातले सगळे जागे व्हायचे, पण दिवा कुणी लावायचं नाही. आत कोण किती आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून. २००१ च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर दरोडा पडला. लूट झालीच, पण बायकांवर अत्याचार झाले. त्यानंतर कितीतरी महिने वस्तीवरच्या पोरीबाळी रात्री गावात नातेवाइकांकडे झोपायला जात होत्या. त्यामुळे "एका चोरापायी माणूस मारायचा का" असं शहरातलं कुणी सहज बोललं की मला राग येतो. अंधारात दाराचा कोयंडा वाकवला जातोय, आत दोन लेकरं झोपलीत, बाहेर किती जण आहेत आणि कशासाठी आलेत ते माहीत नाही. त्या बाईला आधी त्याचा हेतू विचारून घे, असं कोणताही शहाणा कायदा सांगणार नाही.

आपला कायदाही सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जुन्या दंडसंहितेत हीच ९६ ते १०६ होती, मजकूर जवळपास तोच. ३५ व्या कलमात हक्क दिलाय तो स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही मालमत्तेचा. म्हणजे शेजारच्या वस्तीवर ओरडा झाला आणि तुम्ही धावून गेलात, तर तोही तुमचा हक्क आहे. जीव जाईल, जबर दुखापत होईल, बलात्कार होईल, पळवून नेतील, ॲसिड टाकतील, अशी वाजवी भीती असेल तर ३८ व्या कलमाखाली हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. आणि ४१ वं कलम तर मालमत्तेसाठीही तिथवर जातं: जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी. घरफोडी म्हणजे कुलूप तोडून, भिंतीला भगदाड पाडून, खिडकीतून, कौलं काढून, अशा वाटेने आत येणं. रात्री असा शिरलेल्या माणसाच्या हातात शस्त्र होतं का, हे या कलमापुरतं सिद्ध करावं लागत नाही. साधी चोरी किंवा घरात नुसती घुसखोरी असेल, तर मात्र जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती खरोखर वाटण्याजोगी परिस्थिती हवी.

हे सांगितलं की लोक चकित होतात. इतका हक्क आपल्याला आहे? आहे, आणि तो आजचा नाही. दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली, इंग्रजांच्या काळात, मेकॉलेच्या कायदा आयोगाने केला, तेव्हाच त्यांनी टिपणात लिहून ठेवलं होतं की या हक्काला फार कुंपणं घालण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची हिंमत जागी होणं आम्हाला जास्त हवं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही तोच सूर धरला. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात कोर्टाने या हक्काची दहा सूत्रं मांडली. त्यातलं एक मी बैठकांमध्ये आवर्जून सांगते: हल्ला होत असताना माणसाने पायरीपायरीने, गणिती हिशेबाने बचाव करावा अशी अपेक्षा अवास्तव आहे. जमिनीचा वाद होता. बापाच्या डोक्यात गंडासा, म्हणजे लांब दांड्याचं धारदार हत्यार, बसल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं.

पण तारखाही बघा. घटना १९९१ ची, शेवटचा निकाल २०१० चा. हक्क आहे याचा अर्थ पोलीस येणार नाहीत असा नाही. घरात प्रेत पडलं की गुन्हा दाखल होणार, अटक होऊ शकते, आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी कायद्याने आरोपीवर टाकली आहे. दिलासा एवढाच की सरकारी पक्षाला जेवढं निर्विवाद सिद्ध करावं लागतं तेवढं आरोपीला लागत नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्याच उलटतपासणीतून काढता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती.

हा हक्क माणसाला कायमचा चिकटत नाही. धोका आहे तोवर तो आहे. रात्रीच्या घरफोडीत चोर घरात आहे तोवर. तो बाहेर पडून पळू लागला की जीव घेण्याचा हक्क तिथेच संपतो. मुद्देमाल घेऊन पळत असेल तर पाठलाग करा, हिसकावून घ्या, धरा. ठार मारता येत नाही. १९६२ मध्ये जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं, आणि निकाल लिहिला होता आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. शेत आरोपींच्या ताब्यात होतं, समोरचे चाल करून आले होते, इथवर हक्क त्यांच्या बाजूचा. पण चालून आलेले पळायला लागल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तिथे बचाव उरला नाही.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणाचं सांगते. गाव, नावं सांगणार नाही. पहाटे तीनच्या सुमाराला एका वस्तीवर तिघं शिरले. घरातल्या थोरल्या मुलाने उठून एकाला लोखंडी पहारीने हाणलं, दोघं पळाले. घरधनी आणि त्याची दोन्ही मुलं खुनाच्या आरोपात होती. कुटुंब मला म्हणत होतं, रात्रीची घरफोडी आहे, सरळ आमच्या बाजूचं कलम आहे. मी शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. डोक्यावरची पहारीची जखम होती, पण ती जीव घेणारी नव्हती. पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर काठीचे समांतर वळ होते, मोजून संपेनात इतके. आणि दोन्ही मनगटांवर दोरीचे करकोचे. त्या दोन ओळी वाचल्या आणि युक्तिवादाला जागा उरली नाही. पहारीचा घाव कोणत्याही कोर्टात वाचवता आला असता. बांधलेल्या माणसापासून स्वतःचा बचाव कसला करायचा? तो बाभळीला बांधला होता. उजाडेपर्यंत आसपासच्या वस्त्यांवरून येणारा प्रत्येक जण दोन काठ्या हाणून गेला. त्याचं वय विशीच्या आतबाहेर असेल.

कायद्यात यासाठी एक मधली पायरी आहे. ठरवून नाही, सद्भावनेने, बचावाच्या भरात हद्द ओलांडली गेली तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. १०१ व्या कलमाचा दुसरा अपवाद. तिथेही मारण्याचा इरादा दिसला तर कमीत कमी पाच वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंतही. पण दोन तास बांधून मारणाऱ्याला ही पायरी मिळत नाही, आणि मिळूही नये.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे बोलायचं टाळतात. बांधून मारला जाणारा बहुतेक वेळा कोण असतो? माळावर पाल टाकून राहणारा. पारध्याचा, भटक्याचा पोरगा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पहिला संशय अजून त्याच पालाकडे वळतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेली माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेवढी होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. ते अंत्यविधीसाठी सुरतेला निघाले होते. दोन्हीकडे मारणाऱ्यांना आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडच्या खेड्यांत रात्री ड्रोन दिसतात अशी हवा उठली, तेव्हा आमच्याकडेही पोरं काठ्या घेऊन रात्र रात्र बांधावर होती. त्याच वेळी शेतीला रात्रीची लाईट होती. म्हणजे बॅटरी घेऊन मोटरीकडे निघालेला निम्मा तालुका रात्री शिवारात होता. कुणी बळी गेलं नाही, हे नशीब.

नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर त्यासाठी १०३ व्या कलमात वेगळं पोटकलम आहे. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. गस्तीच्या पोरांना हे पोटकलम कुणी सांगत नाही. मी सांगते.

तारेच्या करंटबद्दल थोडक्यात. डुकरांसाठी म्हणून कुंपणात करंट सोडतात, काही जण तोच चोरासाठी घराभोवतीही सोडतात. बिहारच्या चेरुबिन ग्रेगरी नावाच्या माणसाने संडासाच्या वाटेवर उघडी जिवंत तार लावली. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती म्हणून ती बाई त्याचा वापरत होती. ती त्या तारेला लागून मेली. माझ्या आवारात शिरली, मला मालमत्तेच्या बचावाचा हक्क होता, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. समोर कोण आहे हे तारेला दिसत नाही, चोर की दूध घालायला आलेली पोर. तार लावू नका.

मला स्वतःला काय वाटतं? माझ्या मते ४१ व्या कलमाचं समर्थन मालमत्तेने होत नाही, भीतीने होतं. रात्री घर फोडून आत आलेल्या माणसाबरोबर जीवाची भीती आत येते, म्हणून कायदा इतका मोठा हक्क देतो. विहिरीवरची मोटर, केबल, शेळी यांच्यासाठी माणूस मारणं मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. केबल गेली की हंगामाचं नुकसान होतं, पिकं डोळ्यांदेखत वाळतात, तो संताप मी घरात पाहिलाय. तरीही नाही. पण उशाखालचा विळा उचललेल्या माझ्या आजीच्या बाजूने मी कोणत्याही कोर्टात उभी राहीन.

बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मग धरल्यावर करायचं काय, ओवाळायचं?" मी सांगितलं ते इथे लिहिते. आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला साध्या नागरिकालाही धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाच्या नव्या कायद्याचं, ४० वं कलम. मात्र विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. धरल्याबरोबर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना उठवा, ग्राम सुरक्षा यंत्रणेवर (सगळ्या गावाला एकदम निरोप देणाऱ्या फोनवर) खरं तेवढंच बोला, "टोळी आली" म्हणू नका. त्याला खोलीत बसवा, पाणी द्या. दारावर दोन वयस्क माणसं ठेवा, तरणी पोरं लांब. लागलं असेल तर आधी दवाखाना, कारण उपचाराविना मेला तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. आणि झटापटीत तो मेलाच, तर काही हलवू नका, रक्त पुसू नका, तुटलेला कोयंडा तसाच राहू द्या. घरातल्या जखमांचीही सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. पहिला जबाब खरा द्या, कारण बचाव त्याच्यावरच उभा राहतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो, मग तो घरधनी असो नाहीतर चोर.